बाळासाठी घडीचं प्लेयार्ड कोणतं घ्यावं? (एडिसन ते चिपळूण, व्हाया पुणे)

इटुकलीची_आई
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज गरज पडली म्हणून पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, वन बेडरूम. लेक साडेचार महिन्यांची आहे, परवा डॉक्टरकडे वजन साडेचौदा पाउंड भरलं. अजून सात आठवड्यांनी, गणपतीच्या आधी, भारतात जायचंय. आधी पुण्यात माहेरी, तिथे उष्टावण, मग चिपळूणला सासरी, एकूण पाच आठवडे.

इथे तिला लाकडी क्रिब आहे, त्यात ती छान झोपते. प्रश्न तिकडचा आहे. आई म्हणते, एवढा विचार काय करतेस, मध्ये घेऊन झोपायचं. सासूबाई म्हणतात माळ्यावर पाळणा आहे, पुसून ठेवते. मला दोन्हीची धास्ती वाटते कारण नवरा झोपेत रणगाड्यासारखा फिरतो आणि पाळण्यात ती आता मावेल असं वाटत नाही, पालथी पडायला लागलीय.

म्हणून पोर्टेबल प्लेयार्ड (जाळीच्या बाजूंचा घडीचा बाळाचा बिछाना) घ्यायचं ठरवलं आणि तीन दिवस रिव्ह्यू वाचून डोकं भणभणलंय. एक सेट मनात भरलाय, त्यात वरती बॅसिनेट (तान्ह्या बाळाचा छोटा उथळ बिछाना), बाजूला डायपर बदलायचं टेबल, गाणी वाजतात, थरथरतं पण. सेलमध्ये आहे. दुसरा पर्याय ग्राको कंपनीचं साधं, काहीच फॅन्सी नाही. तिसरा ते हलकं महागवालं, पाठीवर सॅकसारखं अडकवता येतं. नवरा म्हणतो भारतातच घेऊ, तिकडे सगळं मिळतं. कोणाचा अनुभव आहे का? प्लीज सविस्तर लिहा.

पावशेर
साधं ग्राको. दोन पोरं त्यात वाढली, आता त्यात खेळणी ठेवतो. विषय संपला.

दीडदमडी
@इटुकलीची_आई, तो बॅसिनेटवाला सेट डोक्यातून काढून टाक बघू आधी. वरचं जे बॅसिनेट असतं ना, त्याला बहुतेक मॉडेलात १५ पाउंडांची मर्यादा असते, आणि त्याच्याही आधी बाळ हातापायावर उचलायला लागलं की ते बंद. तुझी लेक आत्ताच साडेचौदा आहे आणि पालथी पडतेय. म्हणजे तू विमानात बसेपर्यंत ज्या गोष्टीसाठी जास्त पैसे मोजलेस ती बाद झालेली असणार. बदलायचं टेबल घरी चादर अंथरून पलंगावर होतं. आणि गाणी, थरथर वगैरे म्हणजे चार बॅटऱ्या आणि डोक्याला ताप.

खालचा जो मुख्य भाग, तो साधारण ३० पाउंड किंवा ३५ इंच उंचीपर्यंत चालतो (मॉडेलचं पुस्तक बघ, थोडाफार फरक असतो) किंवा पोर चढून बाहेर यायला लागेपर्यंत, जे आधी होईल ते. आमच्या चिरंजीवांनी दीड वर्षाच्या आतच एक पाय वर टाकला होता, त्या दिवशीच घडी करून कपाटात.

शिवाय वजन बघ. साधं नऊ किलोच्या आसपास, सगळं लटांबर लावलं की बारा-तेरा. हे तुला एका खांद्यावर आणि लेक दुसऱ्या खांद्यावर घेऊन विमानतळावर पळायचंय हे लक्षात ठेव.

कुरडई
दीडदमडी +१. आम्ही तो पूर्ण सेट घेतला होता, बॅसिनेट मोजून सात आठवडे वापरलं.

नाशिकचा_निवांत
भारतात घेणार असाल तर एक सांगतो. इकडे दुकानात प्लेपेन मागितलं की अर्ध्या वेळा प्लास्टिकचं कुंपण दाखवतात, आठ-दहा पट्ट्या गोल जोडायच्या, खाली तळ नाही. ते रांगत्या बाळाला हॉलमध्ये अडवायला ठीक, झोपायला नाही. जाळीवालं, घडीचं, तळासकट मिळतं ऑनलाइन, पण फोटोत त्याच्याबरोबर जाड मऊ गादी, कडेने कापसाच्या लोडासारख्या पट्ट्या, वर मच्छरदाणीचा घुमट असं सगळं सजवलेलं असतं. आम्ही घेतलं त्याची कड दाबली की आत वाकायची, परत पाठवलं. कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही कारण एकाच पीसचा दोष असू शकतो. पण मुद्दा असा की तुम्ही मुंबईला उतरणार, पुण्याला पोचणार रात्री दोनला, आणि पार्सल उद्या येणार. पहिली रात्र काय करणार? बरोबर घेऊन या.

भाऊसाहेब_जुने
आमच्या वेळी यातलं काही नव्हतं. आमची आई ऊसतोडीला जायची, झाडाला लुगड्याची झोळी, त्यात मी. आज सत्तरीत आहे, ठणठणीत. तुम्ही लोक पोरांना जाळीत का ठेवता हे मला खरंच कळत नाही, राग मानू नका.

दीडदमडी
भाऊसाहेब, राग कसला. पण जे ठणठणीत राहिले तेच आज लिहायला आहेत, नाही का :)

भाऊसाहेब_जुने
हे मात्र खरं. माझ्या पाठची बहीण राहिली नाही. कशाने ते कोणी विचारलंच नाही तेव्हा.

कुरडई
:(

स्टेथोस्कोप_आणि_चहा
मी बालरोगतज्ज्ञ आहे, अमेरिकेत नाही, सोलापुरात, पण तिथल्या गाइडलाइन वाचत असतो म्हणून लिहितो. अमेरिकन बालरोग अकादमीने २०२२ मध्ये झोपेच्या सूचना नव्याने काढल्या. गाभा जुनाच आहे, पहिल्या वर्षात बाळ प्रत्येक वेळी उताणं झोपवायचं, पृष्ठभाग सपाट आणि टणक हवा, आत उशी नाही, गोधडी नाही, लोड नाही, बाहुली नाही. आणि निदान पहिले सहा महिने बाळ आईबापाच्या खोलीत हवं पण वेगळ्या बिछान्यावर. प्लेयार्ड ह्याच्यासाठी अगदी योग्य जागा आहे, क्रिबपेक्षा कमी दर्जाची वगैरे नाही.

बाळ स्वतःहून दोन्हीकडे वळायला लागलं, म्हणजे उताण्याचं पालथं आणि पालथ्याचं उताणं, की मग झोपेत पालथं पडलं तरी रात्रभर उठून उलटवत बसू नका. झोपवताना मात्र उताणंच. पालथी पडायला लागलीय म्हणताय, तर दुपट्यात घट्ट गुंडाळून झोपवणं (स्वॅडल) आता बंद करा, हात मोकळे हवेत.

झोळीबद्दल, भाऊसाहेबांचा मान ठेवून. झोळीत पाठ गोल होते आणि लहान बाळाची हनुवटी छातीला टेकू शकते, श्वासाची वाट अरुंद होते. शेजारी बसून दोर हलवणारी आजी असेल तेव्हाची गोष्ट वेगळी. रात्रभर, कोणी बघत नसताना, नको. उतरत्या बिछान्याचंही तेच, अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने १० अंशांपेक्षा जास्त उताराचे स्लीपर आणि क्रिबच्या कडेला बांधायचे गादीवाले बंपर दोन्ही विकायला बंदी केली.

आणि हो, मोहरीची उशी येणारच आहे तुमच्या वाटेला. ती आलीच तर प्रेमाने घ्या आणि बाळ जागं असतानासुद्धा वापरू नका. डोकं चपटं होऊ नये म्हणून दिवसा, जागेपणी, तुमच्या देखत पोटावर पालथं ठेवणं हा उपाय आहे.

इटुकलीची_आई
डॉक्टर, तुम्ही आमच्या घरात कॅमेरा लावलाय का? मोहरीची उशी ऑलरेडी शिवून तयार आहे, आईने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवलाय, वर ससा भरतकाम केलाय.

चकलीचा_साचा
हाहाहा ससा.

आता माझं ऐक. कोणतंही घे, पण ते उघडायचं कसं ते इथे दहा वेळा करून जा. आम्ही पहिल्यांदा बॉस्टनला मैत्रिणीकडे गेलो, रात्री साडेअकरा, बाळ रडून लालबुंद आणि नवरा घामाघूम, तीन बाजू लॉक होतायत, चौथी नाही. झालं असं की त्याने आधी मधला तळ खाली दाबला. तिथेच चुकतं सगळ्यांचं. ग्राको टाइपच्या साच्यात मधला भाग वर उचललेला असतानाच आधी चारही कडा वर ओढायच्या, प्रत्येकीचा टक् आवाज आला पाहिजे, हाताने दाबून बघायचं की मध्ये वाकत नाहीये ना, आणि मगच मधला भाग खाली ढकलायचा. घडी घालताना बरोब्बर उलट, आधी मधला पट्टा धरून वर खेचायचा, मग कडेची बटणं दाबायची. हे एकदा कळलं की दोन मिनिटांचं काम आहे, नाही कळलं तर घटस्फोटाचं.

पावशेर
घटस्फोटाचं +१००

मेथीची_जुडी
चकली, तू गमतीत लिहिलंस पण तो टक् आवाज किती महत्त्वाचा आहे त्यावर मला थोडं लांबट लिहायचंय.

मी शिकागोजवळ राहते. इथेच मे १९९८ मध्ये डॅनी कायसर नावाचा मुलगा, अजून दीड वर्षाचाही नव्हता, सांभाळणाऱ्या बाईंच्या घरी दुपारी घडीच्या क्रिबमध्ये झोपला होता. क्रिबच्या वरच्या कडा मध्ये मोडून इंग्रजी व्ही अक्षरासारख्या झाल्या आणि त्यात त्याची मान अडकली. तो गेला. सगळ्यात वाईट काय, तर ते मॉडेल पाच वर्षांपूर्वीच, १९९३ मध्ये, परत मागवलं गेलं होतं. घरात ज्यांच्याकडे ते होतं त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. त्याच्या आईवडिलांनी, दोघंही शिकागो विद्यापीठात प्राध्यापक, त्याच वर्षी किड्स इन डेंजर ही संस्था काढली. पुढे २००८ चा जो ग्राहक उत्पादन सुरक्षेचा कायदा झाला त्यातल्या एका भागाला डॅनीचं नाव आहे. त्या कायद्यामुळे आता प्रत्येक प्लेयार्डच्या खोक्यात टपालखर्च भरलेलं एक नोंदणीचं कार्ड येतं. आपण ते कचऱ्यात टाकतो. टाकू नका. भरा किंवा कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाका, रिकॉल झाला, म्हणजे माल परत मागवला, तर ते तुम्हाला थेट कळवतात.

प्लेयार्डसाठी अमेरिकेत सक्तीचं केंद्रीय मानक २०१३ पासून लागू आहे, कडा अशा आत कोसळू नयेत, जाळीच्या भोकात बोट किंवा बटण अडकू नये, हे सगळं त्यात तपासतात. त्यामुळे त्याच्या आधीचं, मावसबहिणीच्या तळघरातलं, फुकट मिळालं तरी नको. आणि त्यानंतरचं सेकंडहँड घ्यायचं तर मॉडेल नंबर आणि बनवल्याची तारीख तळाच्या लेबलवर असते, ती सीपीएससीच्या (अमेरिकेचा ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग) साइटवर टाकून रिकॉल बघा, जाळी कुठे उसवली आहे का बघा, आणि मूळ गादी बरोबर आहे ना ते बघा. गादी हरवली असेल तर घेऊ नका.

कुरडई
हे माहीत नव्हतं. आमचं कार्ड अजून ड्रॉवरमध्ये आहे, आज भरते.

तिखटमीठ
गादीवरून आठवलं. मला सांगा, ती गादी आहे का पुठ्ठा? जेमतेम एक इंच, हात लावला की खाली फळी लागते. आम्ही वरून दोन इंचाचा फोम टाकला, बाळ मस्त झोपतं. एवढं टणक कोण झोपेल?

स्टेथोस्कोप_आणि_चहा
@तिखटमीठ, कृपा करून आजच काढा. मी सहसा असं हुकूम दिल्यासारखं लिहीत नाही.

प्लेयार्डच्या बाजू कापडाच्या आणि जाळीच्या असतात, लाकडासारख्या ताठ नाहीत. वरून टाकलेली गादी आणि जाळी ह्यांच्या मध्ये फट पडते, बाळ सरकत तिकडे गेलं की जाळी बाहेर फुगते, तोंड फटीत जातं आणि त्याला मागे येता येत नाही. मऊ फोममध्ये पालथं पडलं तर तोंड रुततं, ते वेगळंच. म्हणून ह्या गाद्या मुद्दाम पातळ आणि टणक असतात. फक्त त्याच मॉडेलबरोबर आलेली गादी, आणि तिच्याच मापाची, कडा ताणून बसणारी एक चादर. बास.

तुम्हाला टणक वाटतं कारण तुम्ही साठ-सत्तर किलोचे आहात. सात किलोच्या बाळाला नाही वाटत.

तिखटमीठ
काढला डॉक्टर. कोणी हे सांगितलंच नव्हतं, उलट दुकानात तोच फोम शेजारी ठेवला होता विकायला.

मेथीची_जुडी
शेजारी ठेवलेला असतो, हो. आणि त्यावर छोट्या अक्षरात सगळं लिहिलेलंही असतं.

टेम्सकाठची_आत्या
इंग्लंडहून. आमच्याकडे ह्याला ट्रॅव्हल कॉट म्हणतात, लेबलवर ईएन ७१६ लिहिलंय का ते बघायचं. इथली ललबाय ट्रस्ट नावाची संस्थाही तेच सांगते, टणक, सपाट, रिकामं. त्यांचं खोलीचं तापमान १६ ते २० अंश हवं म्हणून आहे, ते वाचून मी आमच्या दापोलीच्या घरातला थर्मामीटर आठवून खूप हसले होते.

माझी भाची माझ्याकडे येते तेव्हा बेबीब्यॉर्नचं वापरते, पिशवीसकट सहा किलोच्या आसपास, उघडायला अक्षरशः अर्धा मिनिट, पाय आपोआप पडतात. महाग आहे. पण तिला पाठीचं दुखणं आहे आणि दर दोन महिन्यांनी ट्रेनने प्रवास, तिला परवडतं. वर्षातून एकदा जाणाऱ्याने एवढे पैसे घालावेत का, मला नाही वाटत.

सुट्टीवर_सतत
मी तो पाठीवर अडकवायचा, ग्वावा लोटस, वापरलाय, सहा-सात किलो, किंमत तीनशे डॉलरच्या आसपास होती तेव्हा. दोन गोष्टी सांगतो. चांगली अशी की त्याला एका बाजूला चेन आहे, ती उघडली की बाजूची जाळी दरवाजासारखी उघडते, बायको शेजारी आडवी होऊन पोराला थोपटायची, मग चेन बंद. मोठा झाल्यावर तो दिवसा त्यातून रांगत आतबाहेर करायचा. वाईट अशी की गादी थेट जमिनीवर टेकते. एसी हॉटेलात ठीक आहे. कोकणात भाद्रपदात ओल असते, मुंग्या असतात, माझ्या आजोळी तर रात्री एकदा विंचू निघालेला. ग्राको टाइपचं जमिनीपासून चार बोटं तरी वर असतं, खालून हवा खेळते. चिपळूणसाठी मी तरी उंच असलेलंच घेईन.

इटुकलीची_आई
विंचू कशाला सांगितलात :( :( आता नवऱ्याला दाखवते.

पण हा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता आला. सासरी फरशी आहे पण पावसाळ्यात पाय चिकटतात एवढी दमट. म्हणजे हलकं महागवालं बाद असं धरायचं का?

दीडदमडी
धर. आणि तू पैसेही वाचवलेस. साधं शंभर डॉलरच्या आतबाहेर मिळतं.

सोनचाफा६१
मी आजी आहे. मुलगी कॅलिफोर्नियात, मी तिच्याकडे दोनदा सहा-सहा महिने राहून आले. कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझी उंची चार फूट अकरा इंच. त्या प्लेयार्डचा काठ माझ्या कमरेच्या थोडा खाली येतो आणि गादी पार तळाशी. झोपलेलं बाळ हलकेच ठेवायचं म्हणजे काठावर पोट दाबून, ओणवं होऊन, हात लांब करून शेवटचे चार इंच सोडून द्यावं लागायचं. ते दचकून उठायचं. मग पुन्हा तासभर अंगाई. आठव्या दिवशी माझी कंबर धरली.

मग जावयांनी मला शिकवलं. पाय फाकवून उभं राहायचं, गुडघ्यात वाकायचं, कमरेत नाही, बाळ अंगाला चिकटवूनच खाली न्यायचं, आधी बाळाचे पाय आणि बूड टेकवायचं, मग डोकं, आणि छातीवरचा हात लगेच काढायचा नाही, दहा अंक मोजायचे. ह्याने नव्वद टक्के वेळा जमायचं. ज्यांचं सीझर झालंय त्यांनीसुद्धा पहिले काही आठवडे वाकण्यावरून डॉक्टरांना विचारून घ्यावं.

बाळ, तुझ्या आईला आणि सासूबाईंना बाजूला घेऊन हे दाखव. नुसतं इथेच झोपवायचं असं सांगितलंस तर त्या हो म्हणतील आणि दुपारी तू बाहेर गेलीस की मांडीवरून पलंगावर ठेवतील. मी तेच केलं असतं.

इटुकलीची_आई
काकू, किती प्रामाणिक आहात तुम्ही! नक्की दाखवते.

वऱ्हाडी_ठेचा
डासांचं काय करता ते तर कोणी बोलूनच नाही राहिलं. पाऊस संपता संपता डेंग्यू जोरात असते. आमच्याकडे पोराच्या डोक्यावर छत्रीसारखी जाळी ठेवतात, ते चालते का ह्यात?

मेथीची_जुडी
वरून टाकलेली सैल जाळी किंवा तंबूसारखं झाकण मला नको वाटतं. बाळ बसायला, उभं राहायला लागलं की ते ओढतं आणि त्यात गुरफटतं. तुमच्या मॉडेलच्या कंपनीनेच त्याच मॉडेलसाठी जाळी दिली असेल तर तेवढी वापरा, तीसुद्धा पुस्तकात वयाची मर्यादा बघून.

आम्ही काय केलं सांगते. दादरहून साधी डबल बेडची चौकोनी मच्छरदाणी आणली, चार खिळ्यांना चार कोपरे बांधले आणि पूर्ण प्लेयार्डच तिच्या आत उभं केलं. कडांपासून चारही बाजूंनी हातभर लांब, म्हणजे आतून हात घातला तरी पोचत नाही. खालचा घेर फरशीवर दोन विटांनी... नाही, विटा नको, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या आडव्या लावल्या होत्या. संध्याकाळी पाचला खिडक्या बंद. पूर्ण बाह्यांचं पातळ सुती झबलं आणि पंखा. पंख्याच्या वाऱ्याला डास टिकत नाही फारसा.

आणि उकडतंय म्हणून जाळीच्या बाजूवर ओलं दुपटं किंवा ऊन येतंय म्हणून ओढणी टाकू नका. त्या जाळीतून हवा जाते म्हणून तर ती जाळी आहे.

नाशिकचा_निवांत
ही मच्छरदाणीची आयडिया एक नंबर.

पावशेर
अवांतर: रेल्वेने मे २०२२ मध्ये लखनौ मेलला आईच्या बर्थला जोडलेली बाळाची छोटी बर्थ लावून बघितली होती. कोकण रेल्वेला कधी येणार देव जाणे.

चकलीचा_साचा
अवांतर नको रे, तिचं विमान सुटेल.

@इटुकलीची_आई, विमानाचं: एअरलाइनला ईमेल करून विचार, प्लेयार्ड वेगळी बॅग धरणार का बाळाच्या स्ट्रोलर-कार सीटसारखं फुकट. प्रत्येकाचे नियम निराळे आहेत आणि काउंटरवरचा माणूस फोनवरच्या माणसाचं ऐकत नाही. उत्तर छापून ने. आम्हाला एका एअरलाइनने फुकट नेऊ दिलं आणि येताना त्याच एअरलाइनने पैसे मागितले, छापील कागद दाखवल्यावर गप्प बसले. पिशवी मूळ पातळ असते, ती तशीच दिलीस तर कडेची नळी वाकून यायची शक्यता आहे. आम्ही ते एका मोठ्या डफलमध्ये घातलं आणि भोवती डायपरची पाकिटं आणि गोधड्या कोंबल्या. उतरल्यावर पहिल्या उघडण्यात चारही टक् ऐकायचे. एक जरी नाही आला तरी त्यात झोपवायचं नाही.

दीडदमडी
अजून एक, जागा मोजलीस का? उघडल्यावर साधारण ४० इंच लांब, २८ इंच रुंद. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांग, खोलीत तेवढं वर्तमानपत्र अंथरा. आणि ते खिडकीच्या पडद्याची दोरी, चार्जरची वायर, देव्हाऱ्याची समई ह्यांच्यापासून लांब हवं. पोर उभं राहिलं की हात दीड फूट लांबचं सगळं ओढतो.

इटुकलीची_आई
वर्तमानपत्र अंथरलं! सासऱ्यांनीच अंथरलं, वर त्यावर बसून फोटो पाठवलाय. कपाटाचं दार अर्धं उघडतं, पण मावतंय.

ठरलं. साधं, बॅसिनेट नसलेलं ग्राको मागवलं. नवरा जरा हिरमुसला, त्याला गाणी वाजणारं हवं होतं. काल रात्री त्याला घड्याळ लावून उघडायला लावलं, पहिल्यांदा अकरा मिनिटं, सहाव्यांदा दीड. कार्डही भरलं, डॅनीचं वाचून झोप नव्हती आली मला.

कुरडई
जायच्या आधी आठवडाभर तरी दुपारची झोप त्याच्यातच घ्यायला लाव तिला. नवी जागा, नवा वास, जेट लॅग आणि नवं प्लेयार्ड, सगळं एकदम नको.

इटुकलीची_आई
मंडळी, परत आले! तीन महिने झाले, पुढे काय झालं ते सांगायला धागा वर काढतेय.

विमानात फुकट गेलं, कागद छापून नेला होता, कोणी विचारलासुद्धा नाही. पुण्यात पहिल्या रात्री अडीचला नवऱ्याने अंधारात उघडलं, चार टक्, आई बघतच राहिली. पण कुरडईचं ऐकलं नसतं तर मेलो असतो, कारण जेट लॅगने लेक पाच रात्री दोन ते पाच टक्क जागी होती, आणि तरी पडून होती ती त्यातच, ओळखीचं होतं म्हणून.

आईने पहिल्या दिवशी पलंगावर ठेवलंच. सोनचाफा काकू, तुम्ही म्हणालात तस्संच, मी दुकानातून आले तर पलंगावर, चारी बाजूंनी लोड. मी काही बोलले नाही, वाकायचं कसं ते शिकवलं. दुसऱ्या दिवसापासून आई स्वतःच शेजारणींना दहा अंक मोजून दाखवत होती. मोहरीची उशी आता गणपतीच्या पाठीशी आहे, ससा पुढे करून.

चिपळूणला सुट्टीवर_सतत ह्यांची फार आठवण आली. विंचू नाही निघाला पण दिव्याखाली पाखरं आणि फरशीवर मुंग्यांची रांग, ती बरोबर प्लेयार्डच्या खालून जायची, वर नाही चढली. मच्छरदाणी मेथीच्या पद्धतीने बांधली. एकच गोष्ट फसली, आमच्या मनीला तो मच्छरदाणीतला वाडा फार आवडला आणि दिवसा ती आत जाऊन ऐटीत झोपायला लागली. म्हणून वापरात नसताना दर वेळी घडी. त्यामुळे नवरा आता डोळे झाकून उघडतो.

लेक काठ धरून उभी राहायला लागलीय, परवापासून. गादीवर उड्या मारल्यासारखं करते आणि हसते.

सोनचाफा६१
दृष्ट काढ ग तिची.

नवीन_बाबा_ठाणे
उशिरा वाचतोय, सगळा धागा सेव्ह केला. एकच प्रश्न ताई, मूळ मापाच्या चादरी किती घेतल्या? दोन पुरतील का?

इटुकलीची_आई
मी दोनच नेल्या होत्या, नाही पुरल्या. ठाण्यात पुरतील कदाचित, पण कोकणात जाणार असाल तर चार घ्या. चिपळूणच्या पावसात एक वाळायला दोन दिवस लागतात, आणि पोरं काही वाट बघत नाहीत.